खाणीतलं बोलणं

६ सप्टेंबर, शनिवार

नॉर्मन रटरचे लीक कुणीतरी कापले. सगळे नाही. स्पर्धेच्या शोसाठी राखलेली, कांद्याच्या पातीसारखी पण मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र रोपं तेवढी बरोब्बर हेरून बुंध्यापाशी सुरी फिरवली. शो आठवड्यावर आलाय. ब्रॅकनडीनमध्ये कुणी कुणाची बायको पळवली तर लोक दोन दिवस बोलतील. लीक कापले तर दोन पिढ्या बोलतील.

मी लीक क्लबचा सेक्रेटरी, त्यामुळे सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत बोलावणं आलं. नॉर्मन आपल्या मळ्यात वाफ्याच्या कडेला उभा होता. मी म्हटलं, "वाईट झालं, गड्या." तो म्हणाला, "लीकचं जाऊ दे रे." लीकचं जाऊ द्यायचं तर मग राहिलं काय, हे मला आधी कळेना. मग आठवलं. त्याच वाफ्यात त्याने मार्चमध्ये जिलची राख मिसळली आहे.

जिल ही त्याची एकुलती एक मुलगी. दारूपायी गेली, न्यूकॅसलच्या एका भाड्याच्या खोलीत. चॅपलच्या आवारात तिला ठेवायला नॉर्मन तयार नव्हता, म्हणाला, तिथून जाता-येता लोक नाक मुरडतील. हे त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. कौन्सिलने क्लबाला भाड्याने दिलेल्या मळ्यात राख पुरायला परवानगी आहे की नाही, हे सेक्रेटरी म्हणून मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

शो झाला की सगळ्यांचे लीक एका भल्यामोठ्या पातेल्यात जातात आणि गावभर सूप होतं. नॉर्मन यंदा आपले लीक फक्त मांडणार होता, सुपाला देणार नव्हता, हेही मला माहीत होतं.

संध्याकाळी क्लबात नॉर्मनला एक पिंट जास्त झाली. उभा राहून म्हणाला, "ज्याने केलं तो सापडू दे, डोक्यात फावडं घालतो." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने क्लिफर्ड बेल हसला. क्लिफर्ड म्हणजे माझ्या बायकोचा, मॅविसचा, थोरला भाऊ. त्याचा मळा नॉर्मनच्या मळ्याला लागूनच आहे, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर. घरी आल्यावर मी मॅविसला म्हटलं, मला काही तसं वाटत नाही. ती म्हणाली, "तुला कधी कुणाबद्दल काही वाटतच नाही, डग." माझ्या स्वभावाचं तिने इतक्या वर्षांत केलेलं हे पहिलं कौतुक.

९ सप्टेंबर, मंगळवार

क्लिफर्ड गेला. नॉर्मनने मारला. फावड्याने.

मी कुंपणापलीकडे माझ्या कबुतरखान्यात होतो. आधी क्लिफर्डचा आवाज आला, मग नॉर्मनचा, पण तो आवाज नॉर्मनचा म्हणून ओळखू येईना. वळसा घालून पोचेपर्यंत क्लिफर्ड खाली पडला होता आणि नॉर्मन मारतच होता. मी मागून मिठी मारून धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे त्याला कळलं नाही. खाणीत छत कोसळल्यावर ओढून बाहेर काढलेल्या माणसाचे डोळे असे असतात. मग फावडं सोडून तो पालथ्या बादलीवर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "जिलचं काही काढू नकोस, डग. लीकवरून झालं म्हण." त्यानंतर तोंडातून ब्र नाही. पोलीस घेऊन गेले तेव्हाही नाही.

दुपारी एक पोलीस मुलगी घरी आली, माझ्या नातीच्या वयाची. मॅविस शेजारी बसली होती, माझी बाही धरून. मुलीने विचारलं, "काय ऐकलंत तुम्ही?" मी म्हटलं, "शब्दाने शब्द वाढला." "कशावरून?" "लीकवरून." तिने लिहून घेतलं, मी सही केली. जाताना मुलगी मॅविसला म्हणाली, "तुमच्या भावाचं फार वाईट वाटतं हो." मॅविस म्हणाली, "असं?" बिचारी सुन्न झाली आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

क्लिफर्ड काय बोलला ते एकदा इथे लिहितो म्हणजे डोक्यातून जाईल.

नॉर्मन उरलेल्या रोपांना माती लावत होता, कबुतरखान्याच्या जाळीतून मला दिसत होता. क्लिफर्ड कुंपणाला रेलून म्हणाला, "कशाला एवढा राबतोस? यंदा खत तर झकास घातलंयस. डब्यातून ओतताना बघितलंय मी. जिवंत होती तोवर एका ग्लासासाठी कुणाच्याही अंथरुणात शिरायची, अर्ध्या गावाने वापरली तिला. मेल्यावर निदान लीकच्या तरी उपयोगी पडली. शनिवारी सूप होईल ना, तेव्हा उरलेलं अर्धं गाव चाखेल तुझ्या पोरीला."

हे असं. लिहून झाल्यावर हात धुऊन आलो.

आमच्या खाणीत एक रीत होती. खाली अंधारात वाटेल ते बोला, कुणाच्या सात पिढ्या उद्धरा. माणसांना वर-खाली नेणारा पिंजरा वर आला आणि उजेड दिसला की तोंडाला कुलूप. घरात, रस्त्यात, बायकांसमोर एक वावगा शब्द नाही. माझा बाप खाली काय काय बोलायचा ते मी त्याच्या टोळीत कामाला लागलो तेव्हा ऐकलं, आणि माझ्या आईने मरेपर्यंत ऐकलं नाही. मी खालीही शिवी देत नसे. मला पाद्रीबुवा म्हणायचे. खाणी बंद होऊन जमाना झाला, पण आमच्या वयाचे पुरुष अजून ती रीत पाळतात. क्लिफर्ड तेवढा पाळायचा नाही.

तर मग त्या कोवळ्या मुलीला मी काय सांगणार होतो? आणि मॅविससमोर, तिचा भाऊ सकाळीच गेलेला असताना? शिवाय नॉर्मननेच गप्प राहायला सांगितलं. मी बरोबरच केलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

शो घ्यायचा की नाही यावर कमिटीत जुंपली. शेवटी ठरलं, घ्यायचा, पण आधी एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं. लगेच प्रश्न आला, कुणासाठी? क्लिफर्डसाठी म्हणावं तर निम्मे लोक खुर्चीतून उठणार नाहीत. दोघांसाठी म्हणावं तर नॉर्मन अजून जिवंत आहे. मी सुचवलं, "कुणासाठी ते सांगूच नका. नुसतं उभं राहा." सगळ्यांना पटलं. मला आयुष्यभर हेच चांगलं जमत आलं आहे.

नॉर्मनचा मळा पोलिसांनी फीत लावून बंद केलाय, त्यामुळे त्याचं एकही पान पातेल्यात गेलं नव्हतं. तरी सूप माझ्या घशाखाली उतरेना. बाकी सगळ्यांनी मागून मागून प्यायलं. थंडी होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पोलिसांनी आता कुठे क्लिफर्डला आमच्या ताब्यात दिलं. आज त्याची माती झाली. मॅविस रडली नाही. परतल्यावर कोट न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई आजारी होती ना, तेव्हा तो मला रोज सांगायचा, तू झालीस म्हणून ती खंगली. तू नसतीस तर धडधाकट असती. हसत हसत सांगायचा. मी नऊ वर्षांची होते, डग. माराचं दुखणं जातं. त्याचं बोलणं अजून ऐकू येतं मला, भांडी घासता घासता मधेच."

मी म्हटलं, "गेला तो आता. मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं?"

तिने कोट काढून ठेवला. दुःखात माणूस भलतंसलतं आठवत बसतो. मी तिला चहा करून दिला.

१४ जानेवारी, बुधवार

नॉर्मनची वकील आली होती, मिस ऑर्ड. मला वाटलं होतं कुणी पोक्त बाई असेल. ही तिशीची, ओल्या बुटांनी दारात उभी, म्हणते, "बूट काढू का हो? तुमचा गालिचा छान आहे." मॅविसला ती तिथल्या तिथे आवडली.

मॅविस स्वयंपाकघरात गेली तेव्हा ती मुद्द्यावर आली. "मिस्टर टेट, नॉर्मननी मारलं यात वाद नाही. मारायचंच होतं असं ज्युरी म्हणेल, आणि तेही खरंच आहे. खून ठरला तर न्यायाधीशांच्या हातात काही उरत नाही, जन्मठेपच. आणि हा माणूस तर तोंडच उघडत नाही. मी चार वेळा गेले. दर वेळी मला विचारतो, बाहेर पाऊस आहे का."

मी म्हटलं, "नॉर्मनचं डोकं फिरलं होतं, बाई. मी डोळ्यांनी बघितलं. त्याने मला ओळखलंही नाही."

"त्याचा उपयोग आहे. पण नुसतं डोकं फिरून भागत नाही," ती म्हणाली. "कायदा विचारतो, कशाने फिरलं? ताबा सुटण्यामागे तसंच मोठं कारण लागतं. कुणी असं काही केलं किंवा बोललं, अगदी टोकाचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, माझ्यावर फार मोठा अन्याय झालाय, आणि ते वाटणं बरोबर आहे असं चार शहाण्या माणसांनी म्हणावं. वर आणखी, त्याच्या वयाचा दुसरा कुणी साधा, सोशिक माणूस त्याच्या जागी असता तर त्याचाही तोल असाच गेला असता, असं ज्युरीला वाटायला हवं. तसं असेल तर तो खून धरत नाहीत, मनुष्यवध धरतात. मग शिक्षा न्यायाधीश ठरवतात. नॉर्मन काही वर्षांत घरी येईल."

"आणि सूड असेल तर?"

"विचार करून घेतलेला सूड असेल तर यातलं काहीच नाही. सरकारी बाजू तेच म्हणणार आहे. लीक कापले, याने क्लबात धमकी दिली, तीन दिवसांनी फावडं घातलं. संपलं." ती पुढे वाकली. "लीकवर भागणार नाही, मिस्टर टेट. कापलेल्या भाजीसाठी हा बचाव न्यायाधीश ज्युरीपुढे ठेवणारसुद्धा नाहीत. क्लिफर्ड अजून काहीतरी बोलला. हो ना? मुलीबद्दल?"

मी होकाराची मान हलवली.

"काय बोलला?"

स्वयंपाकघरातले कपांचे आवाज थांबले होते. मी म्हटलं, "ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही."

"अहो, मी रोज याहून वाईट ऐकते. हा माझा धंदा आहे."

हे ऐकून तर मला तिची जास्तच दया आली. मी म्हटलं, "कोर्टात विचारतील तेव्हा सांगेन. शपथेवर सांगेन. कागदावर आत्ता नको."

"नक्की सांगाल? जसंच्या तसं? तुम्ही सरकारी बाजूचे साक्षीदार आहात. कोर्टात मी नाही, आमचा दुसरा वकील उभा राहतो; त्याला तुम्हाला विचारायची एकच संधी मिळेल, आणि उत्तर काय येणार हे माहीत नसताना विचारायचं म्हणजे अंधारात उडी आहे."

"नक्की," मी म्हटलं. नॉर्मनला दिलेला शब्द मोडायचा हे तेव्हा ठरवलं. तो मरेपर्यंत आत राहणार असेल तर कसला शब्द.

ती गेल्यावर मॅविस म्हणाली, "हुशार पोरगी आहे. तिला सांगून टाकायचंस."

"काय?"

"जे असेल ते," ती म्हणाली आणि कप विसळायला लागली.

१ मार्च, रविवार

कबुतरखान्यात जाऊन बोलून बघितलं. म्हटलं, जीभ वळवून ठेवावी. "यंदा खत तर झकास घातलंयस" इथपर्यंत नीट आलं. पुढे "जिवंत होती तोवर" म्हटलं आणि अडकलो. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. कबुतरं बघत होती. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, "अर्ध्या गावाने," आणि मागे दारात मॅविस उभी.

"कुणाशी बोलतोयस?"

"कबुतरांशी."

"मग बोल की पुढे," ती म्हणाली. थांबली बराच वेळ. मी दाण्याचा डबा शोधायला लागलो. जेवण वाढलंय असं सांगून ती गेली.

९ मार्च, सोमवार

उद्या माझी साक्ष. मॅविसने माझा पांढरा शर्ट इस्त्री केला आणि स्वतःची निळी टोपी काढून ब्रशने झटकली. ती टोपी तिने भावाच्या मातीलाही घातली नव्हती.

मी म्हटलं, "तू नाही आलीस तरी चालेल. तुला त्रास होईल."

ती म्हणाली, "मी येणार. आणि पहिल्या रांगेत बसणार. माझ्याकडे बघून बोल, डग."

म्हणजे तिला काळजी आहे. मी तिच्या भावाबद्दल काय बोलतो यावर नजर ठेवणार. तिचं काही चुकत नाही. शेवटी रक्ताचं नातं आहे.

१० मार्च, मंगळवार

झालं एकदाचं.

न्यूकॅसलचं कोर्ट गरम होतं, कॉलर ओली झाली. आमच्या चॅपलच्या बायका सगळ्या आलेल्या, डबे घेऊन. पुढे निळी टोपी. न्यायाधीश एक बाई होत्या, दिसायला अगदी माझ्या मोठ्या बहिणीसारख्या. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. नॉर्मन आरोपीच्या जागी, काचेमागे बसला होता. फार बारीक झालाय.

सरकारी वकिलाने सगळं काढलं. लीक कापले ते, क्लबातली धमकी, फावडं. मी हो हो म्हणत गेलो, कारण ते सगळं खरंच होतं. मग नॉर्मनचा वकील उठला, मिस्टर पेलम, उंच, सर्दी झालेला.

"नॉर्मन तेव्हा कसे दिसत होते?"

मी ते नीट सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, मला ओळखलं नाही ते सांगितलं. ज्युरीतली एक बाई लिहून घेत होती. मला धीर आला.

"आता मला सांगा, फावडं उचलण्याआधी क्लिफर्ड बेल नॉर्मनना नेमकं काय म्हणाले?"

मी मॅविसकडे बघितलं. ती सरळ माझ्याकडे बघत होती, हनुवटी जरा वर, डॉक्टर सुई टोचायला येतात तेव्हा धरते तशी. मला भडभडून आलं. म्हटलं, हिच्या भावाची लक्तरं मी हिच्यादेखत कशी टांगू? आणि तिच्यामागे चॅपलच्या बायकांची रांग.

"तो जिलबद्दल बोलला," मी म्हटलं. "नॉर्मनच्या मुलीबद्दल."

"काय बोलले?"

"जरा टोचून बोलला. म्हणजे, जिवंतपणी तिने काही केलं नाही, पण लीक यंदा तिच्यामुळे चांगले आलेत, असं काहीसं."

मिस्टर पेलम थांबला. "याच शब्दांत?"

"या अर्थाने."

"मला अर्थ नको, मिस्टर टेट. शब्द हवेत. कितीही घाणेरडे असले तरी."

न्यायाधीशबाई मायेने म्हणाल्या, "साक्षीदाराने अजिबात संकोच करू नये. इथे सगळं ऐकायची सवय आहे."

एखादी बाई असं म्हणते तेव्हा तर अजिबातच तोंड उघडत नाही. मी म्हटलं, "सांगण्याजोगं तेवढंच होतं, बाईसाहेब."

पेलमने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्याने मिस ऑर्डकडे बघितलं आणि खाली बसला. मग सरकारी वकील अर्धवट उठला. "म्हणजे बागकामावरून टोमणा म्हणायचा?"

"तसंच म्हणा," मी म्हटलं. ज्युरीत कुणीतरी हसलं.

उतरताना नॉर्मनकडे बघितलं. त्याने मान जराशी हलवली, पूर्वी पिंजरा खाली सुटायच्या आधी एकमेकांना हलवायचो तशी. मला बरं वाटलं. जिलचं नाव मी काढलं, पण चिखल काढला नाही. क्लिफर्ड टोचून बोलला हे सांगितलं, पण त्याच्या बहिणीला चारचौघांत मान खाली घालायला लावलं नाही. नॉर्मन भला माणूस आहे हे ज्युरीला दिसलंच असेल. खोटं तर मी बोललो नाही.

बसमध्ये मॅविसने टोपी काढून मांडीवर धरली. घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. थकली असेल.

१३ मार्च, शुक्रवार

खून. जन्मठेप. पंधरा वर्षं झाल्याशिवाय सुटकेचा अर्जसुद्धा करता येणार नाही. नॉर्मन अडुसष्ट वर्षांचा आहे.

मिस ऑर्डचा फोन आला. मी म्हटलं, "असं कसं? मी तर सगळं सांगितलं."

"तो बचाव ज्युरीपर्यंत पोचलाच नाही, मिस्टर टेट. न्यायाधीशांनी काल ज्युरीला बाहेर पाठवून निर्णय दिला. ताबा सुटला असेल, म्हणाल्या, ते मी धरून चालते. पण कापलेले लीक, आधीची धमकी आणि बागकामावरून एक टोमणा, एवढ्यावर फार मोठा अन्याय झाला असं कुठलीही ज्युरी म्हणू शकत नाही. म्हणून त्यांनी तो प्रश्न ज्युरीला विचारलाच नाही. मग उरलं काय? मारलं का, आणि मारायचं होतं का. तासाभरात परत आले ते."

मी म्हटलं, "बाई, तो त्याहून जास्त बोलला होता."

"काय?"

मी सांगितलं. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. राखेचंही सांगितलं.

"हे मंगळवारी बोलला असतात तर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवायला हवा होता.

"अपिलात सांगेन. आता सांगेन."

"तुम्ही तिथेच उभे होता, मिस्टर टेट. शपथ घेऊन. पुन्हा पुन्हा विचारलं तुम्हाला, न्यायाधीशांनीसुद्धा. अपिलाचं कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारेल, तेव्हा का नाही बोललात? काय सांगणार आहात?"

"समोर मॅविस बसली होती," मी म्हटलं.

फोन ठेवून वळलो तर मॅविस दारात. सगळं ऐकलं होतं तिने. म्हटलं, "मॅविस, माफ कर. तुझ्या कानावर हे पडू नये म्हणून तर मी—"

"मी पहिल्या रांगेत का बसले होते, डग?"

मी फोन उगाच सरळ करून ठेवला.

"लीकसाठी नॉर्मन माणूस मारेल यावर माझा विश्वास बसेल, असं वाटलं का तुला? पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला, क्लिफर्डने तोंड उघडलं असणार. शब्द माहीत नव्हते एवढंच. अख्खा जन्म ऐकलाय मी त्याला. टोपी घालून बसले होते ती तू बोलावंस म्हणून. बायकांनी वळून बघितलं असतं माझ्याकडे, बघू देत. मी मान खाली घालणार नव्हते. एकदा, आयुष्यात एकदा, कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं होतं की तो असा होता. माझं तर कुणी ऐकलं नाही. निदान त्या पोरीच्या बापासाठी तरी म्हणायचंस."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गप्प बसलो गं."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

मी रडलो. तिने पाणी आणून दिलं, ग्लासाखाली बशी ठेवून.

१९ एप्रिल, रविवार

नॉर्मनला अपील नको आहे. मिस ऑर्डकडून त्याचा निरोप आला, "डगला सांगा, शब्द पाळलास, उपकार झाले." दुसऱ्या कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं असतं तर मी चॅपलभर सांगत फिरलो असतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. मॅविसला सांगितलं, ती "हो का" म्हणाली.

नॉर्मनचा मळा कमिटीने परत घेतला. मॅविसने स्वतःच्या नावावर मागितला आणि मिळाला. ती रोज सकाळी एकटी जाते. मी दोनदा विचारलं, येऊ का, तर म्हणाली, "कशाला? तुझे गुडघे दुखतात." त्या एका वाफ्यात तिने काही लावलेलं नाही, गवत वाढू दिलंय. शेजारच्याने तक्रार केली. मी सेक्रेटरी म्हणून ती दाबली. एवढंच माझ्या हातात होतं.

घरी सगळं ठीक आहे. भांडण नाही. मॅविस माझे शर्ट धुते, औषधाची आठवण करते, हवेबद्दल बोलते. माझ्या बोलण्यावर "हो" म्हणते, "बरं" म्हणते, "आभारी आहे" म्हणते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती मला कधी आभारी आहे म्हणत नसे. पूर्वी मी चहात साखर जास्त घातली तर म्हणायची, काय मुंग्यांना पाजायचाय का. आता न बोलता पिऊन टाकते.

आज जेवताना राहवलं नाही. म्हटलं, "मॅविस, एकदा काय ते बोलून टाक. शिव्या दे मला. खाणीत द्यायचे तसल्या दे. मी ऐकून घेईन."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"तुझ्यासमोर कसं बोलणार, डग?" ती म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.